नोटीस पिरियडमधली माणसं

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका 22 ऑगस्ट 2016 ला झी मराठीवर सुरू झाली आणि 7 मार्च 2021 ला संपली. तेवढ्या काळात गुरुनाथच्या प्रेयसीला, म्हणजे शनायाला, चेहरे दोन मिळाले आणि पाळ्या झाल्या तीन. आधी रसिका सुनील. ती 2018 मध्ये अभिनय शिकायला अमेरिकेला गेली, तेव्हा ईशा केसकर आली. 2020 च्या लॉकडाऊननंतर दाढेच्या दुखण्यामुळे ईशा बाहेर पडली आणि रसिका परत आली. गुरुनाथची बायको राधिका मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अनिता दातेच. राधिका नागपूरची, म्हणून आमच्या घरात ही मालिका पाहिली जायचीच. शिवाय ‘आपण असं बोलतो काय?’ यावर दर दोन दिवसांनी भांडणही व्हायचं.

तीन पाळ्यांचा हा हिशेब माझ्या मावशीचा. तिला तो तोंडपाठ आहे. नागपुरातल्या मिहानमध्ये, एम्सच्या हाडांच्या ओपीडीबाहेर आम्ही तिघं बसलो होतो. मावशीचा गुडघा दाखवायचा होता, आणि वहिनी, म्हणजे मावशीची सून, तिचं ऑफिस तिथून गाडीनं दहा मिनिटांवर असल्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. मिहानच्या सेझमध्ये एका आयटी कंपनीत ती एचआर पाहते. मावशीला एचआर म्हणजे काय ते ठाऊक आहे. ‘पोट्टे नोकरी सोडतात तवा त्याईले समजवाचं काम,’ असं ती लोकांना सांगते, आणि वहिनीनं ती व्याख्या कधी दुरुस्त केलेली नाही.

नंबर यायला अवकाश होता. मावशीनं पर्समधून मोबाइल काढला, इयरफोन लावायचा कंटाळा म्हणून आवाज अगदी बारीक केला, आणि कालचा राहिलेला भाग लावला. दोन मिनिटांत ती म्हणाली, “हा जाते आता.”

“कोण?” वहिनीनं विचारलं.

“हा, मोठा भाऊ. पाह्य ना, फोन वाजून राह्यला त्याचा.”

मालिकेचं नाव लिहीत नाही. तो नट जाणार की नाही हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण मावशीचा आडाखा तपशिलात ऐकण्यासारखा आहे. तिच्या मते जाणाऱ्याचा आधी फोन वाजायला लागतो. चार वर्षं ज्याला कुणाचा फोन आला नाही तो माणूस एकदम जेवणाच्या टेबलावरून उठून गॅलरीत जातो. मग त्याच्या खोलीतले सीन बंद होतात, तो फक्त हॉलमध्ये, घोळक्यात, मागच्या रांगेत दिसतो. मग त्याच्या वाटणीचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी येतं. पूर्वी सून रडली की सल्ला द्यायला हा यायचा, आता नवीनच कुणी आतेभाऊ पुण्याहून उगवतो आणि तोच सल्ला देतो. आणि शेवटी बंगळुरू. मालिकेतून बंगळुरूला गेलेला माणूस सहसा परतीचं तिकीट काढत नाही.

“आई, हे बरोबर आहे तुमचं,” वहिनी म्हणाली, “पण यात राग येण्यासारखं काय आहे? कामाचा माणूस आहे तो. त्याचे डेट्स नसतील.”

“डेट्सचं मले काही नाही. चेहरा बदलला त्याचंही काही नाही. पंधरा दिवस डोळे कुरकुर करतात, मग लागते सवय. ईशाचंच पाह्य. आम्ही तिले ‘जय मल्हार’मध्ये बानू म्हणून पाह्यलेलं. खंडोबाची बानू ते! आन् एक दिवस एकदम गुरुनाथच्या गळ्यात. पण शनाया कशी? आळशी, पैशाले हपापलेली, डोक्यानं अर्धी. तशीच राह्यली ना ते? मग झालं. चेहरा कोणाचा का असंना. मले राग कायचा येते सांगू? जाच्या आधी माणसाले बिघडवून टाकतात, त्याचा.”

आता वाद सुरू झाला होता आणि मला मधे पडायचं कारण नव्हतं. दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या, पण मावशी पाहणाऱ्याच्या बाजूनं आणि वहिनी करणाऱ्याच्या बाजूनं. वहिनीची कॉलेजातली एक मैत्रीण मुंबईत मालिकांच्या लेखनात आहे, त्यामुळे तिला आतलं थोडंफार कळतं.

“बिघडवत नाहीत हो,” वहिनी म्हणाली. “लिहिणाऱ्याला तरी कुठं आधी कळतं? कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर चॅनलचे लोक. गुरुवारी टीआरपी आला की सोमवारचा ट्रॅक फिरतो. भागांची बँक म्हणाल तर चार-पाच भाग हाताशी असले तरी खूप. अशात एखादा नट म्हणतो, मी सोडतो. तो खरंच सोडणार आहे की पैसे वाढवून मागतोय, हे दोन-तीन आठवडे कुणालाच माहीत नसतं. मग लिहिणारा काय करेल? मारून टाकलं आणि तो राहिला, तर? चांगला ठेवला आणि तो गेला, तर लोक विचारतात आमचा माणूस कुठं आहे. म्हणून असं अर्धवट लिहितात. फोन येतो, चिडतो, काहीतरी लपवतो. राहिला तर सांगता येतं की कर्ज झालं होतं. गेला तर सांगता येतं की दुसरीच बाई होती.”

हे मला नवीन होतं, आणि पटलंही. जाणाऱ्या पात्राच्या वागण्यातलं जे गूढ आपण कथेचं समजतो, ते खरं मानधनाच्या बोलणीचं असतं. गॅलरीत जाऊन तो कुणाशी बोलतोय हे लेखकालाही माहीत नसतं.

मावशी मात्र पटवून घ्यायच्या मूडमध्ये नव्हती. “मंग नाटकात कसं होते? मी धनवटे रंगमंदिरात ‘नटसम्राट’ पाह्यलं. श्रीराम लागूंनी ते 1970 मध्ये सुरू केलं, मंग दत्ताराम, दुभाषी, यशवंत दत्त, किती जणांनी केलं. कोणी म्हटलं काय, का लागू चालले तर बेलवलकर आता दारू पिऊन पोरीले मारते असं दाखवा? पाटीवर नाव बदललं, संपलं.”

हा मुद्दा बिनतोड वाटला. वहिनीलाही क्षणभर वाटला असावा, कारण ती पर्समधली पाण्याची बाटली काढून निवांत पाणी प्यायली.

“नाटक लिहून झालेलं असतं, आई. शिरवाडकरांनी शेवटचं पान लिहिल्यावर तालीम सुरू झाली. अप्पा बेलवलकर कोण हे ठरलेलं होतं, ज्याला पेलेल त्यानं यावं आणि करावं. मालिकेत शेवटचं पान कुणाकडेच नसतं. ‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली आणि तीन हजारांवर भाग गेले. पहिल्या दिवशी आशा देशमुख कोण हे कागदावर असेल दहा ओळी. बाकीची आशा देशमुख रोहिणी हट्टंगडींच्या बघण्यातून झाली. लेखक सेटवरचं पाहतो, ही बाई गप्प राहिली की जास्त भारी वाटते, मग तो तिला गप्प राहायचे सीन लिहितो. दोन वर्षांनी पात्र आणि नट वेगळे काढताच येत नाहीत. मग नट गेला की स्वभाव जाणारच. तुम्ही म्हणता चेहरा बदला आणि स्वभाव ठेवा. स्वभाव त्या चेहऱ्याचाच होता!”

“मंग शुभ्राचं काय?” मावशी म्हणाली.

हा वार वहिनीच्या वर्मी बसणारा होता, कारण शुभ्रा ही वहिनीची आवडती. ‘अग्गंबाई सासूबाई’ 2019 मध्ये आली. विधवा सासू आसावरी, म्हणजे निवेदिता सराफ, तिचं दुसरं लग्न सून शुभ्रा लावून देते, नवरदेव गिरीश ओक. तेजश्री प्रधाननं केलेली शुभ्रा तडफदार होती, नवऱ्याला, म्हणजे बबड्याला, तोंडावर सुनावणारी. मार्च 2021 मध्ये त्याच कुटुंबाची पुढची मालिका आली, ‘अग्गंबाई सूनबाई’. सासू आणि सासरे तेच राहिले. शुभ्रा मात्र उमा पेंढारकर झाली आणि बबड्या अद्वैत दादरकर. हाच अद्वैत याआधी ‘माझ्या नवऱ्याची बायको’त राधिकेचा सौमित्र होता, त्यामुळे आमच्या घरात काही दिवस फार गोंधळ झाला. आसावरी आता ऑफिस सांभाळू लागली होती, आणि शुभ्रा? ती घरात, मूल सांभाळत, घाबरत घाबरत बोलणारी.

“जे पोरगी सासूचं लग्न लावते,” मावशी म्हणाली, “ते स्वतःच्या नवऱ्याले भिते? कोण्या चेहऱ्यानं केलं हे? उमाचा काय दोष? तिले जे कागद देल्ले ते तिनं वाचले. कागदच बदलले ना! नवीन गोष्टीले रडणारी सून पाह्यजे होती. जुनी हसरी होती. मंग जुनीच्या अंगावर नवीन रडणं चढवलं, आन् चेहरा बदलला म्हणून कोणाच्या ध्यानात येणार नाही असं वाटलं त्याईले.”

वहिनी गप्प. मग म्हणाली, “तेजश्री असती तर त्यांनी हे लिहायची हिंमत केली नसती.”

“हे बोलली तू बरोबर.”

इथं दोघींचं एकमत झालं असं वाटेल, पण झालं नव्हतं. वहिनीचं म्हणणं होतं की नट हाच पात्राचा राखणदार, तो गेला की दार उघडं. मावशीचं म्हणणं होतं की राखणदार आम्ही, पाहणारे, आणि आम्हाला कुणी विचारत नाही. मला यात वहिनीची बाजू जास्त खरी वाटते. सेटवर ‘शुभ्रा असं बोलणार नाही’ हे म्हणायचा अधिकार फक्त एका माणसाला असतो, ज्यानं दोन वर्षं शुभ्राचे संवाद पाठ केलेत. नवीन आलेल्याला तो अधिकार कमवायला वेळ लागतो. तोवर कथा पुढं गेलेली असते.

आणि पाहणाऱ्यांना कुणी विचारत नाही हेही सगळ्या काळात खरं नव्हतं. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ मधला मिहीर मेला तेव्हा देशभर जो गहजब झाला, त्यानंतर निर्मात्यांना त्याला जिवंत करावं लागलं. तिथं तर चेहरे तीन: अमर उपाध्याय, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. आणि जुलै 2025 मध्ये मालिका नव्यानं सुरू झाली तर मिहीरच्या बायकोसमोर, तुलसीसमोर, पुन्हा अमर उपाध्याय. अमेरिकेत ‘डॅलस’ नावाच्या मालिकेत बॉबी युइंगला 1985 मध्ये मारलं होतं. वर्षभरानं तो नट परत यायला तयार झाला, तेव्हा बॉबी न्हाणीघरात अंघोळ करताना सापडला आणि मधलं आख्खं वर्ष त्याच्या बायकोला पडलेलं स्वप्न ठरवलं गेलं. हे मी सांगितलं तेव्हा मावशीनं “वर्षभराचं सपन?” एवढंच विचारलं आणि परत मोबाइलकडे वळली.

मग मी बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ची गोष्ट सांगितली. रेडिओवरची मालिका, 1951 पासून चाललेली आणि अजून चालू. त्यातली तरुण बायको ग्रेस 22 सप्टेंबर 1955 च्या रात्री तबेल्याच्या आगीत घोडा वाचवताना जखमी झाली आणि मेली. त्याच रात्री ब्रिटनमध्ये पहिली खासगी दूरचित्रवाहिनी सुरू होत होती, आणि लोकांचं लक्ष रेडिओवर राहावं हा हिशेब होताच. पण ग्रेसच का? तिचं काम करणाऱ्या अभिनेत्रीनं पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं, की मानधनाची मागणी तिनं लावून धरली होती.

“पण मेली तवा चांगली होती ना ते?” मावशीनं विचारलं.

“हो. घोडा वाचवत होती.”

“मंग ठीक.”

तिची कसोटी तिथंच आहे. ‘आई कुठे काय करते’मधला आशुतोष 2024 मध्ये अपघातात गेला तेव्हा ती तीन दिवस हळहळली, पण तक्रार केली नाही. ओंकार गोवर्धननं केलेला आशुतोष शेवटपर्यंत सरळ राहिला आणि सरळ गेला. त्याच मालिकेत संजनाचं काम आधी दीपाली पानसरे करत होती, लॉकडाऊननंतर रूपाली भोसले आली, त्याचीही तक्रार नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये धनश्री काडगावकर बाळंतपणासाठी बाहेर पडली आणि माधुरी पवार वहिनीसाहेब झाली, तेव्हा तर मावशी म्हणाली होती, “पोटुशी बाईनं दिवसाचे बारा-बारा तास उभं राहावं काय?” मरण चालतं, बदली चालते. बदनामी करून काढलेलं चालत नाही.

वहिनीनं इथं दयाबेनचा विषय काढला. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधून दिशा वकानी 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि परत आली नाही. मारलं नाही, बदललं नाही, बदनाम तर मुळीच केलं नाही. दयाबेन अजून माहेरीच आहे. “हे तुम्हाला चालायला पाहिजे, आई. स्वभाव जसाच्या तसा आहे.”

“असा कोणता स्वभाव जो दिसतच नाही? नवरा जेठालाल रोज हाक मारते, हे बाई अहमदाबादलेच. इतके वर्ष कोणती लेक माहेरी राह्यते? आमच्याकडे दोन दिस जास्त राह्यली तर शेजारपाजारचे विचारतात.”

“म्हणजे तुम्हाला काहीच चालत नाही.”

“चालते ना. पूर्णा आजी चालली.”

यावर आम्ही तिघंही थोडे थांबलो. ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजीचं काम करणाऱ्या ज्योती चांदेकर 16 ऑगस्ट 2025 ला वारल्या. तिथं ट्रॅक वळवायला, फोन वाजवायला, बंगळुरूला पाठवायला कुणाला वेळच मिळाला नाही. पुढं ती भूमिका रोहिणी हट्टंगडींकडे आली. मावशीला आशा देशमुखच्या काळापासून त्या माहीत. ती म्हणाली, “पहिल्या दिवशी डोळ्यात पाणी आलं, पण आजी आजीसारखीच वागली. कारण कोणाले तिले बिघडवाची फुरसत भेटली नाही.”

हे वाक्य मला नंतरही पुरलं. नट अचानक गेला तर पात्र शाबूत राहतं आणि नोटीस देऊन गेला तर पात्र नासतं, हा अनुभव विचित्र आहे. वेळ मिळणं ही लेखकाची सोय असायला हवी. इथं ती पात्राच्या जिवावर उठते.

वहिनीनं यावर जे सांगितलं ते मालिकेबद्दल नव्हतं. तिच्या ऑफिसात राजीनामा दिला की नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो. “पहिल्या आठवड्यात माणूस तसाच असतो. चहाला सगळ्यांबरोबर येतो. दुसऱ्या आठवड्यात केटी सुरू होते, म्हणजे त्याचं काम दुसऱ्याला शिकवायचं. मग मीटिंगला तो कॅमेरा बंद ठेवतो. ग्रुपवर विनोद टाकला तर कुणी हसत नाही. महिन्यानं त्याचा मॅनेजर माझ्याकडे येतो की हा आता बिनधास्त उशिरा येतो, उद्धट बोलतो, आधी असा नव्हता. आणि खरंच आधी तो तसा नसतो. मी त्याची फाइल पाहिलेली असते, चार वर्षं एक तक्रार नाही. म्हणून मला मालिकेत ते पाहताना खोटं वाटत नाही, आई. जाणारा माणूस बदलतोच.”

“फोन काहून वाजते त्याचा?”

“कुणाचा?”

“तुया ऑफिसातल्याचा.”

“दुसरीकडे इंटरव्ह्यू असतात. बाहेर जाऊन बोलतो.”

“गॅलरीत,” मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदा दोघी मनमोकळ्या हसल्या. मग मावशीनं विचारलं, “पण मले सांग, त्याले मेल पाठवणं कोण बंद करते? तो का तुम्ही?”

“आम्ही. म्हणजे टीम. त्याचं काम आता दुसऱ्याकडे असतं ना.”

“चहाले बोलावणं?”

वहिनीनं उत्तर दिलं नाही.

“मंग तो बदलला का तुम्ही? पुण्याचा आतेभाऊ आला, सल्ला तो देते, तर हा मोठा भाऊ काय करंल? उभा राह्यते मागच्या रांगेत. आन् मागं उभा राह्यला का चिडते. चिडला का तुम्ही म्हणता पाहा, कसा झाला.”

मला वाटतं त्या सकाळी बोललं गेलेलं सगळ्यात नेमकं हेच होतं. मालिकेतलं पात्र जायच्या आधी बदलतं ते त्याच्या आतून नाही. घरातल्या बाकीच्यांना त्याची गरज लागू नये अशी तजवीज आधी होते, आणि गरज संपलेल्या माणसाला पडद्यावर करायला भांडणाशिवाय काही उरत नाही. लेखकाच्या हातात रोजची बावीस मिनिटं असतात. निरुपयोगी झालेला माणूस शांत बसलेला दाखवला तर त्या मिनिटांत काही घडत नाही. तो ओरडला तर घडतं. म्हणून तो ओरडतो. यात नटाचा सूड घ्यायचा हेतू दर वेळी असेलच असं नाही, कधी असतही असेल. पण बहुतेक वेळा हा निव्वळ रिकामपणाचा परिणाम आहे.

वहिनीनं मात्र हार मानली नाही, आणि ते बरंच झालं. तिचं शेवटचं म्हणणं असं: “समजा नाही बदललं. समजा तो शेवटच्या दिवसापर्यंत तसाच गोड, सगळ्यांचा लाडका, आणि एक दिवस दुसराच नट तिथं उभा. तुम्ही नव्याला स्वीकारलं असतं? ‘प्रेमाची गोष्ट’मधून तेजश्री जानेवारी 2025 मध्ये गेली आणि स्वरदा ठिगळे मुक्ता झाली. तेव्हा तुम्हीच म्हणालात ही मुक्ता नाही. त्या पोरीनं काय वाईट केलं होतं? जुनीला थोडं नावडतं केलं असतं तर नवीला तरी श्वास घेता आला असता. नव्या माणसाचा विचार कुणी करायचा? माझ्याकडे त्या खुर्चीत नवीन पोरगं येतं तेव्हा पहिले तीन महिने त्याला एकच ऐकावं लागतं, तो आधीचा होता ना, तो असं करायचा.”

मावशीनं थोडा विचार केला. “हो, म्हटलं होतं मी तसं. म्हणत राह्यते माणूस. महिनाभर म्हटलं असतं, मंग बसली असती. पण जुनीले नावडती करून नवीले आवडती कराचं म्हणजे नवीलेही कमीच लेखणं झालं. तिले तिच्या जोरावर येऊ द्या ना.”

इतक्यात मोबाइलवर थांबवलेला भाग तिनं पुन्हा सुरू केला. आम्ही दोघंही वाकून पाहू लागलो. मोठा भाऊ गॅलरीतून परत आला. टेबलावर आईनं त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट होतं, वरणावर तूप थिजलेलं. धाकट्या भावजयीनं नुसतं विचारलं, कोणाचा फोन होता भाऊजी? त्यानं ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा गेला, ढोल वाजले, वरण भिंतीवरून हळूहळू खाली ओघळलं. पुण्याचा आतेभाऊ दारात उभा होताच. भाग संपला.

चार वर्षं ज्यानं घरात आवाज चढवला नव्हता त्याला ताट फेकायला जमत नाही हे त्या नटाच्या मनगटात दिसत होतं. त्यानं ते ठेवल्यासारखं फेकलं. बिचाऱ्यानं जमेल तितकं पात्र वाचवायचा प्रयत्न केला असावा, असं मला वाटलं. वहिनी म्हणाली, टेक घाईत झाला असेल.

“चला, पैज,” वहिनी मोबाइल मावशीच्या हातातून घेत म्हणाली. “महिन्याभरात दुसरा नट येतो. लोक विसरतील ताटबीट.”

“नवा आला तरी ताट यानंच फेकलेलं राह्यते. नवा बिचारा माफी मागत बसंल,” मावशी म्हणाली. “त्यापरस यालेच धाडून द्या म्हणा बंगळूरले. वरण काहून सांडता?”

स्पीकरवर नंबर पुकारला. तो आमचा नव्हता, आमच्या पुढं अजून तिघं होते. मावशीनं मोबाइल परत मागून घेतला आणि पुढचा भाग लावला.